पोराच्या नावावर

आमच्या घरात कुणाच्याच अंगावर धड कपडा नसायचा, आणि त्याला गरिबी कारण नव्हती. बॅटरीच्या ॲसिडचा थेंब कापडावर पडतो तेव्हा काहीच दिसत नाही. कापड धुऊन वाळत घातलं की मग दांडीवर त्याला भोक पडलेलं दिसतं. आईच्या लुगड्यांना, माझ्या शर्टांना, वाकळांना, एवढंच काय देव्हाऱ्यातल्या लाल फडक्यालाही भोकं होती. दुकान पुढं आणि घर मागं, मधे एक दार, ते दार कधी लागलेलं मला आठवत नाही. दुकानातला चार्जर दिवसभर घुंऽऽ करत असायचा. लाईट गेली आणि तो आवाज बंद पडला की आई चुलीपुढून मान वर करून बघायची, कुणी बोलता बोलता गप्प झाल्यासारखं. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांमधून बारीक बुडबुडे फुटत आणि त्यांची आंबूस, घशाला टोचणारी वाफ घरभर फिरे. पावणे आले की आधी खोकायचे, मग पाणी मागायचे. ॲसिड मारायला आई दारापाशी सोड्याच्या पाण्याची बादली ठेवायची. त्यात कोपरापर्यंत हात बुडवल्याशिवाय ती आम्हाला ताटावर बसू देत नसे. आजही मला गरम भाकरीचा वास आला की त्याच्या मागोमाग ओल्या सोड्याचा वास येतो. घरातल्यांना सांगून उपयोग नाही, त्यांना येत नाही.

दुकान वारूळवाडीच्या हद्दीत, जुन्नरकडं जाणाऱ्या रस्त्याला होतं. ट्रॅक्टर, ट्रक, टोमॅटो वाहणारे टेम्पो, लग्नातले लाउडस्पीकर, चतुर्थीला लेण्याद्रीला भाविक नेणाऱ्या जीपा, सगळ्यांच्या बॅटऱ्या नानांकडं यायच्या. नाना म्हणजे माझे वडील. त्यांनी शून्यातून हे दुकान उभं केलं होतं, हे मी नाकारत नाही. माणूस गोड बोलायचा. गिऱ्हाईक भांडायला आलं तरी चहा पिऊन जायचं. पण नानांच्या धंद्याचे दोन खांब होते आणि ते दोन्ही पोकळ होते. ते मी आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिला खांब म्हणजे डोस. बॅटरी म्हातारी झाली की तिच्यातल्या पट्ट्या पांढऱ्या पडतात, मग कितीही चार्ज करा, तिच्यात दम राहत नाही. खरं तर तिला भंगारात घालायची. नाना तसं करत नसत. ते तिच्यातलं थोडं पाणी काढून वरून जहाल ॲसिड ओतायचे. मग गिऱ्हाइकापुढं हायड्रोमीटर घ्यायचे. हायड्रोमीटर म्हणजे रबरी फुगा लावलेली काचेची नळी. फुगा दाबून सोडला की बॅटरीतलं पाणी नळीत चढतं आणि आत एक कांडी तरंगते. पाणी जड असेल तर कांडी वर येते. बॅटरी चार्ज झाली की पाणी जड होतं, आणि वरून ॲसिड ओतलं तरी जड होतं. कांडीला दोन्ही सारखंच. नाना नळी उन्हात धरून म्हणायचे, "बघा पावणं, कडक हाय." गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. द्राक्षाचा हंगाम निघायचा आणि मग एके दिवशी बॅटरी अशी बसायची की परत उठायची नाही. ॲसिडनं आतल्या पट्ट्या खाल्लेल्या असायच्या.

मग ते गिऱ्हाईक परत यायचं, आणि तिथं दुसरा खांब लागायचा. तो खांब मी होतो.

मिसरूड फुटायच्या आधीपासून मी ते काम केलं. आळेफाट्याचा एखादा ट्रकवाला बॅटरी दुकानाच्या पायरीवर आदळायचा. "नाना, तुमी म्हणला व्हता वर्सभर बघायला नको."

नाना बॅटरीकडं बघायचेही नाहीत. "म्हाद्या, हिकडं ये. ह्यात नळाचं पाणी कुणी भरलं?"

मी गप्प राहायचं. ते ठरलेलं होतं.

"बोल की. आता का जीभ टाळ्याला चिकटली?" मग मानेवर एक टपली. "पोरगं हाय पावणं. पोराच्या हातनं झालं. सांभाळून घ्या."

आणि ट्रकवाला, जो भांडायला आला होता, तोच म्हणायचा, "जाऊ द्या नाना, मारू नका. शिकंल."

गिऱ्हाइकाची पाठ वळली की नाना माझ्याकडं बघून एक डोळा बारीक करायचे, आणि मग स्टँडवरून भेळ आणून द्यायचे. कागदाच्या पुड्यात, वर कैरी घातलेली. सुरुवातीला मला त्यात मोठेपणा वाटायचा. बापाच्या धंद्यात आपलाही हात आहे, असं वाटायचं. मी तर गिऱ्हाईक चांगलं चिडलेलं असलं की जास्त मान खाली घालायचो, म्हणजे टपली हलकी बसायची आणि भेळ मोठी मिळायची. आईला ते आवडत नसे. ती म्हणायची, "मोठा झाला त्यो आता. लोकांच्या डोक्यात र्‍हातं." नाना म्हणायचे, "पोराच्या नावावर गेलेलं लोक इसरत्यात. दुकानाच्या नावावर गेलेलं इसरत न्हाईत." हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की ते मला शहाणपण वाटायचं. आज माझ्या दुकानात कामाला मुलं आहेत. त्यांच्यातलं कुणी चुकलं तर मी त्याला आत नेऊन असं बोलतो की तो रडतो. पण गिऱ्हाइकापुढं चूक माझी. माझा राग सगळ्या तालुक्याला माहीत आहे, ही दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही.

आमच्या पुढच्या माळावर पूर्वी कधीतरी फवारणीच्या विमानासाठी जमीन सपाट केली होती. नंतर ते विमान येईनासं झालं आणि तिथं गुरं चरायला लागली. आंबेगावकडचे, एका जुन्या जमीनदार घराण्यातले एक गृहस्थ होते, फौजेतून विमान चालवून परत आलेले. लोक त्यांना कॅप्टन म्हणत. त्यांनी तो माळ घेतला, गुरं येऊ नयेत म्हणून कुंपण घातलं, पत्र्याची शेड उभी केली आणि एक जुनं चार बसायचं छोटं विमान आणून ठेवलं. आठवड्या-दोन आठवड्यांनी ते उडवायचे. बाकीचे दिवस विमान शेडमध्ये उभं. उभी राहिलेली बॅटरी पडून पडून उतरते, हे काही विमानाचं वेगळं नसतं. नियमानं ती बॅटरी पुण्याच्या हँगरमध्ये जायला हवी होती. हँगर म्हणजे विमानांचं गॅरेज. तिथले इंजिनिअर गद्रेसाहेब या विमानाची देखभाल करायचे. पण पुणं लांब, आणि चार्जिंगचं दुकान तर कुंपणाला लागून. कॅप्टननी बॅटरी आमच्याकडं पाठवली. नानांनी त्याच आठवड्यात पेंटर बोलावला आणि दुकानाच्या बोर्डावर निळं विमान काढून घेतलं. पेंटरनं विमान कधी जवळून पाहिलं नव्हतं. त्यानं त्याला माशासारखी शेपटी काढली.

त्या बॅटरीचं काम मी माझ्याकडं घेतलं. कॅप्टननी मला एकच गोष्ट बजावली होती. "ह्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर. दुसरं काही टाकायचं नाही. काही वेगळं दिसलं तर मला सांगायचं." मी तसंच करत होतो. बॅटरी पोचवायला गेलो की शेडमध्ये रेंगाळायचो. ते विमान मी हात न लावता पाठ केलं होतं. आणि एक दिवस मी सौदा टाकला. सौदा करणं मला तेव्हापासून येतं.

"साहेब, बॅटरीची मजुरी नको. मला त्या पुण्याच्या हँगरात लावा."

कॅप्टन हसले. "काय करशील तिथं?"

"आधी झाडू मारीन. पुढचं पुढं बोलू."

"झाडू मारणारे आहेत तिथं. बॅटरीच्या खोलीत माणूस हवाय. पण गद्रे तुला पारखून घेतील. मी शब्द टाकीन, जागा देणार नाही."

"शब्दच टाका. जागा मी घेतो."

गद्रेसाहेब पुढच्या फेरीला आले, तेव्हा त्यांनी मला विमानाभोवती फिरवून बरंच विचारलं. मला निम्म्याची उत्तरं आली नाहीत आणि मी तसं सांगितलं. ते त्यांना आवडलं असावं. ते म्हणाले, थंडीत विमान तपासणीसाठी पुण्याला न्यायचं आहे, मी न्यायला येईन, तेव्हा सोबतच चल. राहायची सोय होईल. काम शिकलास तर परीक्षा देता येतील. त्या दिवशी मी माळावरून घरापर्यंत पळत आलो. वीस-एकवीस वर्षांचा बाप्या, आणि पळत. आईनं विचारलं, कुणी मागं लागलंय का.

आता बॅटरीचं सांगतो. दिवाळीपासूनच तिचे मधले दोन सेल, म्हणजे आतले कप्पे, मागं पडत होते. चार्ज करून ठेवली तरी त्या दोघांत कांडी अर्ध्यावर राहायची. मी नानांना म्हणालो, "ही संपली. कॅप्टनसाहेबांना नवी आणायला सांगा."

नाना पानाला चुना लावत होते. "इमानाची बॅटरी आपल्या दुकानातनं मेलेली परत गेली म्हणल्यावर बोर्ड पुसावा लागंल."

"मेलेलीच हाय तर मेलेली म्हणायचं."

"लई शाना झालास पुण्याला जायच्या आधीच."

ते बोलणं तिथंच राहिलं. निघायचा दिवस जवळ आला. मी आत्याचा निरोप घ्यायला जुन्नरला गेलो, तिथून लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाला नारळ फोडला आणि आत्याच्या आग्रहानं मुक्काम केला. बॅटरी तेवढ्यात चार्जरवर होती. परत आलो तर नानांनी ती स्वतः माळावर पोचवलेली. मी विचारलं, "मधले सेल?" ते म्हणाले, "आले वर." मला वाटलं, लांब वेळ हळू चार्ज केल्यावर येतात कधी कधी. मला तसं वाटून घ्यायचं होतं, हेही खरं असेल. माझी पिशवी भरलेली होती. आईनं त्यात शेंगदाण्याचे लाडू घातले होते आणि एक नवा कोरा शर्ट, एकही भोक नसलेला.

सकाळी कडाक्याची थंडी होती. मीना नदीच्या बाजूनं धुकं माळावर चढत होतं. विमान शेडमधून बाहेर काढलेलं, पंखांवर दव. गावातली माणसं शेकोटी करून बघायला बसलेली, त्यांतली बरीचशी आमचीच गिऱ्हाइकं. एका द्राक्षबागाइतदाराचा ट्रॅक्टर कुंपणापाशी उभा होता. गद्रेसाहेब आदल्या संध्याकाळीच आले होते. त्यांनी माझी पिशवी हातात तोलून बघितली, वजन विचारात घ्यावं लागतं म्हणाले, आणि स्वतः मागच्या सीटवर ठेवली. नाना धुतलेली टोपी घालून आले होते.

कॅप्टन आत बसले. त्यांनी मेन स्विच लावला, आतले दिवे लागले. बॅटरीचा काटा चांगला वर होता. मग स्टार्टर दाबला. पंखा म्हणजे पुढचा प्रॉपेलर पाव फेरा फिरला, जड झाला आणि थांबला. परत दाबला. आता नुसतं कट्ट, कट्ट, कट्ट.

"थांबवा," गद्रेसाहेब म्हणाले. "पुन्हा दाबू नका."

शेकोटीवरून कुणीतरी म्हणालं, "धक्का मारायचा का राव?" माणसं हसली. मीही हसलो.

गद्रेसाहेबांनी मीटर काढला आणि मला त्याच्या दोन वायरी धरायला दिल्या. पुढचं सगळं त्यांनी जे केलं ते मला आजही क्रमानं येतं, कारण त्या दिवशी मी ते शिकत होतो. मला वाटत होतं, हाच माझा पहिला धडा. आधी त्यांनी बॅटरी नुसती मोजली. व्होल्टेज भरपूर. नाना पुढं झाले आणि खिशातून हायड्रोमीटर काढला. "साहेब, बॅटरीला हात लावायची गरज न्हाई. ह्ये बघा." एकेका सेलमधलं पाणी चढवून दाखवलं. प्रत्येक वेळी कांडी टुणकन वर. "कडक हाय. इमानातच कायतरी आसंल."

मी ती कांडी पाहिली. सगळे सेल एका रेषेत होते. म्हाताऱ्या बॅटरीचे सेल कधी एका रेषेत नसतात. ते एका रेषेत आणावे लागतात. मी नानांकडं पाहिलं. नाना ट्रॅक्टरकडं बघत होते.

गद्रेसाहेब विमानाकडं वळले. त्यांनी इंजिनाचे स्विच बंद आहेत याची खात्री केली, प्रॉपेलर सावकाश हातानं फिरवून पाहिला. इंजिन मोकळं होतं. मग मला वायरी बॅटरीवरच धरायला लावून कॅप्टनना क्षणभर स्टार्टर दाबायला सांगितलं. मीटरचा काटा दगड टाकावा तसा खाली पडला, आणि बटण सोडताच परत वर आला. ते मला म्हणाले, "बघितलंस? उभी असताना भरलेली दिसते. काम मागितलं की बसते." मग अर्थिंगची वायर बघितली, ती स्वच्छ होती. स्टार्टरला जाणारी केबल बघितली, तीही ठीक.

द्राक्षवाला उठून आला. "साहेब, माझ्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडा की. भुर्रकन उडंल."

कॅप्टन तयार दिसले. गद्रेसाहेब म्हणाले, "जोडू. पण उडायला नाही, तपासायला." ट्रॅक्टरची बॅटरी आणली, विमानाची सोडून तिच्या जागी केबल लावल्या. स्टार्टर दाबताच प्रॉपेलर गरगर फिरला, इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं. शेकोटीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गद्रेसाहेबांनी हातानं खूण करून ते लगेच बंद करायला लावलं.

"चालू झालं की," कॅप्टन म्हणाले. "जाऊ या आता."

"विमान चांगलं आहे, एवढंच कळलं. ही बॅटरी घेऊन मी वर जाणार नाही. वर काही बिघडलं तर रेडिओला, दिव्यांना तीच एक आधार असते."

मग ते विमानाच्या बॅटरीपाशी उकिडवे बसले. टॉर्चनं एकेका सेलमध्ये बघितलं. नानांच्या हातातला हायड्रोमीटर मागून घेतला आणि स्वतः पाणी चढवलं. "पूर्ण भरलेल्या बॅटरीतसुद्धा ही इतकी वर जात नाही," ते म्हणाले. "आणि पट्ट्या पांढऱ्या पडल्यात. ह्यात कुणीतरी वरून ॲसिड टाकलंय."

एवढा वेळ मी एकेक दार बंद होताना बघत होतो. स्टार्टर नाही, केबल नाही, इंजिन नाही. शेवटी राहिलं ते आमचं दुकान.

गद्रेसाहेबांचा आवाज चढलेला नव्हता. "मला भांडायचं नाही. किती टाकलं, कधी टाकलं, एवढं कळू द्या. ॲसिड उतू आलं असेल तर बॅटरीच्या पेटीखालचा पत्रा खाल्ला जाईल, तो मला उघडून बघावा लागेल. कुणी टाकलं?"

मी थांबलो. मला वाटलं, नाना बोलतील. एकदा, या एका वेळेला बोलतील. माझी पिशवी त्यांना समोर काचेतून दिसत होती.

नाना हसले. दुकानातलं ते हसू मला पाठ होतं. त्यांचा हात माझ्या मानेवर आला आणि टपली बसली. "पोरगं हाय साहेब. पोराच्या हातनं झालं आसंल. सांभाळून घ्या."

शेकोटीवरची माणसं हसली. त्यांनी हे नाटक दुकानात किती वेळा बघितलं होतं. एकजण म्हणाला, "म्हाद्या, पुण्याची इमानं तेवढी सोड राव."

"नाना," मी म्हणालो, "मी आत्याकडं व्हतो. बॅटरी तुमी पोचवली. खरं सांगा."

"बघा, उलट बोलतो. तरणं रगात हाय." त्यांनी डोळा बारीक केला, म्हणजे भेळेची खूण. नेहमीची.

त्या डोळ्यानं माझं डोकं फिरलं. गद्रेसाहेबांच्या हातातला हायड्रोमीटर मी ओढून घेतला आणि ट्रॅक्टरच्या चाकावर फोडला. काचा उडाल्या, ॲसिडचे थेंब गद्रेसाहेबांच्या पँटवर गेले. कॅप्टन खाली उतरले. ते माझ्याकडं न बघता गद्रेसाहेबांना म्हणाले, "मी ह्याला बजावलं होतं. फक्त पाणी."

गद्रेसाहेबांनी आधी सोड्याचं पाणी मागवून पँट पुसली. मग माझ्यासमोर उभे राहिले. "चूक मी पोटात घातली असती," ते म्हणाले. "विचारल्यावर नाही म्हणणारा माणूस मला चालत नाही. आणि विमानापाशी हा राग तर नाहीच नाही." मी तोंड उघडलं, पण मी काय सांगणार होतो? बाप खोटा आहे, म्हणून? सगळ्या गावानं वर्षानुवर्षं पाहिलं होतं की बॅटऱ्या म्हाद्या बिघडवतो. त्या खोट्याला मीच मान खाली घालून साक्ष दिलेली होती. त्यांनी विमानाचं दार उघडलं, मागच्या सीटवरून माझी पिशवी काढली आणि गवतावर ठेवली. फेकली नाही. दव नसलेली जागा बघून ठेवली. विमान तिथंच ठेवून ते आणि कॅप्टन जीपनं गेले.

त्या संध्याकाळी नानांनी आईला मासवड्या करायला लावल्या. मासवडी म्हणजे आमच्याकडं सणाचं, पावण्यांचं जेवण. तीळ-खोबऱ्याचं सारण भाजल्याचा वास, रश्श्याची तर्री, पाट्यावरचा आईच्या बांगड्यांचा आवाज. भेळेच्या जागी मासवडी, एवढाच फरक. मी ताटावर बसलो नाही.

"आरं, त्यात काय एवढं?" नाना म्हणाले. "तुझ्या नावावर गेलं, चार दिवसांत इसरत्यात. माझ्या नावावर गेलं आस्तं तर दुकान बसलं आस्तं. सगळा तालुका बसला व्हता तिथं."

"अन् माझं काय?"

"तुझं काय? तुला दुकान हायेच की."

आईनं रश्श्याची वाटी त्यांच्यापुढं जरा जोरात ठेवली. "पोर पुण्याला गेलं आस्तं तर दुकानात पोराच्या नावानं कोण उभं र्‍हायलं आस्तं, त्ये सांगा की त्याला."

नाना मासवडी मोडून खाऊ लागले. आजवर मला कळलेलं नाही की त्यांनी ते सवयीनं केलं की हिशेब करून. मी आयुष्यभर सौदे केले, समोरच्याच्या डोळ्यावरून त्याचा शेवटचा भाव ओळखतो. बापाचा मला ओळखता आला नाही. सवय असेल तर मला माझी किंमत कळली, आणि हिशेब असेल तर त्यांना माझी किंमत कळलेली होती. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, ते मी अजून ठरवतो आहे.

पुढं विमानाला पुण्याहून नवी बॅटरी आली आणि ते गेलं. कॅप्टननी ते विकलं, परत आलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर. मी कॅप्टनच्या घरी दोनदा गेलो. पहिल्यांदा ते भेटले नाहीत. दुसऱ्यांदा भेटले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेलही." त्या एका शब्दावर मी परत आलो. बोर्डावरचं माशाच्या शेपटीचं विमान मात्र तसंच राहिलं. लोक पत्ता सांगताना म्हणायचे, विमानवाल्या नानांकडं जा.

मी नानांच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं माझं दुकान टाकलं. मुद्दाम समोर. मेलेली बॅटरी मी मेलेली म्हणूनच परत करायचो. पहिली काही वर्षं गिऱ्हाइकं मला शिव्या देऊन रस्ता ओलांडून डोस घ्यायला जायची. मी उभा राहून बघायचो. माझ्याकडं काम मागितल्यावर बॅटरी बसते की उभी राहते ते बघायचं मीटर होतं. गद्रेसाहेबांकडं पाहिलं होतं तसलं, पैसे जमवून घेतलेलं. हायड्रोमीटर मी ठेवला नाही. आता सीलबंद बॅटऱ्यांमुळं कुणीच ठेवत नाही, पण मी तेव्हाही ठेवला नव्हता. हल्ली अवसरीची इंजिनिअरिंगची मुलं ड्रोनसाठी बॅटरी विचारायला येतात. घासाघीस करतात, मी त्यांच्यापेक्षा जास्त करतो. त्यातला एखादा म्हणतो, काका, तुम्हाला विमानातलं बरंच कळतं. मी म्हणतो, माल घ्यायचा तर घे.

नानांचं दुकान त्यांच्या डोळ्यांबरोबर गेलं. आई आधीच गेली होती. शेवटची वर्षं ते माझ्याकडं होते. मी त्यांना सांभाळलं, औषधात कसूर केली नाही, कुणी तसं म्हणू शकणार नाही. दिवसा ते माझ्या दुकानात खुर्ची टाकून बसायचे. मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती, आणि मी ती बऱ्याच वेळा मागितली. एकदा म्हणा, ॲसिड मी टाकलं. कॅप्टन वारले, गद्रेसाहेब कुठं आहेत माहीत नाही. आता ऐकायलाही कुणी नव्हतं, फक्त मी. ते म्हणायचे, "काय धरून बसलास रं. पोटाला मिळतंय न्हवं?"

एकदा ओतूरचा एक बागाइतदार बॅटरी घेऊन आला. मी दिलेली होती, नवी, आणि बंद पडली होती. कंपनीचाच माल खराब होता. तो तावातावानं बोलायला लागला. मी काही बोलायच्या आत खुर्चीतून आवाज आला, तोच, मधाळ.

"पोरगं हाय पावणं. पोराच्या हातनं झालं आसंल. सांभाळून घ्या."

त्या माणसानं माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं आणि तो हसला. राग विसरून गेला. नाना मान हलवत होते, आणि त्यांचा एक डोळा, ज्यानं त्यांना आता धड दिसतही नव्हतं, माझ्या दिशेनं बारीक झाला होता.

मी त्या माणसाला नवी बॅटरी बदलून दिली. मग नानांना हात धरून घरी नेऊन सोडलं, परत आलो आणि त्यांची खुर्ची उचलून मागच्या भंगारात ठेवली. दुसऱ्या दिवशी ते खुर्ची शोधत दारापर्यंत आले. कुठं गेली म्हणून विचारलं.

"पोरानं मोडली," मी म्हणालो.